ह्यांचं आत्मचरित्र, माझ्या हातानं

९ सप्टेंबर

आज ह्यांच्या आत्मचरित्राला सुरुवात झाली. नारळ मीच फोडला. ह्यांना दिसत नाही, आणि देवाधर्माचं म्हटलं की हे तसेही अंग चोरतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, पण जीभ शाबूत ठेवली, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगतात. म्हणून पद्धत ठरली. सकाळी चहा झाला की ह्यांनी सांगायचं, मी लिहायचं. दुपारची झोप झाली की मी वाचून दाखवायचं, ह्यांनी दुरुस्त करायचं. रद्द झालेल्या पानांची पाठकोरी बाजू माझी. तिच्यावरच हे चाललंय.

शाळा माझी चौथीपर्यंतची. लवकर विधवा झाले आणि नळदुर्गात कॉलेजमागं खानावळ घातली. तिथं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर बसलं. पुढं ह्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासता तपासता शुद्धलेखन आलं. ह्यांनी एकदा संपादकाला सांगितलं होतं, "आमच्या कमलच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही." ते मी अजून शिळ्या लाडवासारखं पुरवून पुरवून खाते.

लोकांसमोर मी ह्यांना सर म्हणते. इथं कुणी वाचणार नाही, म्हणून हे.

मला एवढा उत्साह का, ते कागदाला तरी खरं सांगावं. पुष्कळ वर्षांमागं येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो. डबा सोडला तर माकडानं ह्यांचा चष्मा पळवला. मी भाकरी दाखवून दाखवून तो परत मिळवला. हे हसून हसून खाली बसले आणि म्हणाले, "कमल, तुझी पोथी मी एक दिवस लिहिणार. नावागावासकट." तेव्हापासून मी वाट बघते आहे. आज तुळजापूरचं बालपण सुरू झालंय. आम्ही एकत्र राहायला लागलो ते एक्क्याण्णव साल. तिथवर यायला अवकाश आहे. हरकत नाही. पीठ चांगलं मळलं असलं की भाकरी फुगतेच.

२६ सप्टेंबर

आज ह्यांचं लग्न झालं. म्हणजे पुस्तकात. चारुशीलाबाईंचा शालू, आहेर, वरातीत बुजलेला घोडा, सगळं ह्यांनी रंगवून सांगितलं. मी मजकूर सोडला नाही. दुपारी वाचून दाखवताना मात्र हसू आलं. म्हटलं, ह्या बाईचं लग्न मी माझ्या हातानं लावलं.

बाई पुण्याला. तिथली शाळेतली नोकरी त्यांनी सोडली नाही, ह्यांनी नळदुर्गचं कॉलेज सोडलं नाही. भांडण नव्हतं म्हणे. नुसतीच दोन टोकं. मुलगा श्रीनाथ आईजवळ वाढला.

संध्याकाळी हायस्कूलचे मास्तर येऊन बसले होते. म्हणाले, "सर, तुमच्या नायिका काय बोलतात हो! 'पदराला गाठ मारली म्हणून वारा थांबत न्हाय', हे वाक्य पोरांना पेपरात आलं होतं." हे मान हलवत होते. ते वाक्य मी एकदा ह्यांच्याशी भांडताना बोलले होते. मी आत चहा गाळत होते. माझ्या तोंडचं वाक्य, आणि पोरांना पाच मार्कांना! केवढं बरं वाटलं. कपात साखर दोनदा पडली.

१४ ऑक्टोबर

श्रीनाथ गाडी घेऊन आला. ह्यांची निम्मी पुस्तकं खोक्यांत भरून नेली. पुण्यात ह्यांच्या नावानं वाचनालय करायचंय म्हणाला. जाताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मला तो कधी कायच म्हणत नाही. मावशी नाही, काकू नाही. "जरा पाणी" एवढंच. पण आज नीट विचारलं, बाबांच्या गोळ्या कोणत्या, कधी द्यायच्या, डोळ्यातले थेंब किती वेळा, रात्री उठतात का, भात चालतो का.

मी सगळं सांगितलं. गोळी कडू लागते म्हणून गुळाचा खडा द्यावा लागतो, हेही सांगितलं. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

उशिरा का होईना, पोराला बापाची काळजी लागली. देव करो आणि अशीच लागू दे.

६ नोव्हेंबर

एक्क्याण्णव साल आलं.

सकाळीच न्हाऊन इरकल नेसले. कुणाला दिसणार होतं? पण नेसले. चहा दिला, माझा चष्मा पुसला, बसले. ह्यांनी सुरुवात माझ्याकडूनच केली.

"कमल, आपण ह्या घरात आलो, त्या पहिल्या दिवशी काय झालं होतं गं?"

"चूल ओली होती. गंगम्माच्या घरनं मी विस्तव आणला. तुम्ही फुंकून फुंकून डोळे लाल केले. भाकरी कच्ची राहिली तर म्हणालात, अमृत आहे."

"हां हां! अमृत!" हे खुलले. "लिही. 'एक्क्याण्णव साली मी अणदूरला राहायला आलो. एकटाच. पहिल्या दिवशी चूल पेटेना. शेजारणीनं विस्तव दिला. स्वतः थापलेली कच्ची भाकरी अमृतासारखी खाऊन मी त्या रिकाम्या घरात झोपी गेलो.'"

मी लिहिलं. सांगितलं की हात चालतो, इतक्या वर्षांची सवय.

दुपारी वाचून दाखवलं. 'एकटाच' पाशी जरा थांबले. हे म्हणाले, "थांबू नकोस, लय जाते."

लेखक माणूस आहे, वळणावळणानं येत असेल. मोठ्या घराचा दरवाजाही आधी अंगणातून लागतो.

७ नोव्हेंबर

आजही नाही.

१५ नोव्हेंबर

आज त्र्याण्णवचा भूकंप झाला. त्या पहाटे आमची मागची भिंत बसली होती आणि हे तुळईखाली अडकले होते. मी ह्यांना काखेत धरून ओढलं. ओढताना तुळई सरकली आणि माझ्या डाव्या हाताची करंगळी चेचली. ती अजून वाकडी आहे. पीठ मळताना ती एकटी बाहेर राहते.

ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'शेजाऱ्यांनी मला ढिगाऱ्यातून ओढून काढलं.'

दुपारी वाचलं. हे म्हणाले, "छान जमलंय."

मी विचारलं, "शेजारी म्हणजे कोण?"

"अगं, एकूणच."

"एकूण शेजारी आपापली लेकरं घेऊन रानात पळत होते. तुम्हाला ओढणारी मी होते."

"मला माहीत आहे ना."

"मग कागदाला कळू द्या की."

ह्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "कमल, हे पुस्तक चारुशीलाच्या हातात पडणार. श्रीनाथची मुलगी लग्नाची आहे. तिच्या सासरच्यांच्या हातात पडणार. श्रीनाथनं स्पष्टच सांगितलंय, ती बाई पुस्तकात असेल तर मी नाही. तुला काय, तू समजूतदार आहेस."

समजूतदार! पंगतीत शेवटी बसवलं आणि भाजी संपली तरी जो उठून हात धुतो, त्याला समजूतदार म्हणतात.

पण तब्येत बरी नाही ह्यांची. डोळे गेले की माणूस दुसऱ्याच्या काठीनं चालतो. आता काठी पोराची आहे. उद्या शांतपणे बोलेन.

२० नोव्हेंबर

शांतपणे बोलण्याची वेळच आली नाही. आज हे म्हणाले, "आपण बदामीला गेलो होतो, ते साल कुठलं? तिथं तो म्हातारा भेटला होता बघ, दगडाशी बोलणारा. त्याचं नाव काय गं?"

नाव माझ्या जिभेवर होतं. सालही होतं. त्या म्हाताऱ्यानं मला काय म्हटलं होतं, तेही होतं.

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? तुम्ही एकटे गेला होतात."

"अगं..."

"घर रिकामं, चूल एकट्याची. मग आठवणही एकट्याचीच असणार. सांगा, मी लिहिते. तुम्ही बोलाल तेवढं अक्षर न् अक्षर लिहिते."

हे बराच वेळ हुडकत राहिले. "त्या साली... नाही, त्याच्या पुढच्या..." आणि थांबले. आंधळा माणूस भिंत चाचपडतो तसं ते चाचपडणं. उठून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

गोळी दिली. गूळ दिला. स्वयंपाकात मीठ बरोबर पडलं. बोलणं तेवढं बंद.

७ डिसेंबर

पुस्तक अडलंय. हे रोज चहानंतर बसतात, मी पेन उघडून बसते, हे दोन ओळी सांगतात, खोडायला लावतात.

काल आमचा खंडोबा नळदुर्गाला गेला. मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव अणदुरात, पौषी पुनवेची जत्रा होईपर्यंत नळदुर्गात. जाताना दोन्ही गावचे मानकरी बसून कराराचा कागद करतात. मी भंडारा उधळायला गंगम्माबरोबर गेले होते. गंगम्मा म्हणजे विस्तव देणारी शेजारीण. माहेर तिचं कर्नाटकातलं, तोंडाला फाटक नाही.

परत येताना म्हणाली, "अक्का, सरांचं पुस्तक अडलंय म्हणं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळच्या पारी तुमच्या खिडकीतनं त्यांचा आवाज येतोय. हल्ली येईना. मला वाटलं घसा बसला." मग पदर तोंडाला लावून हसली. "बघ यव्वा, देवालाबी दोन बायका, दोन गावं. पर देव चोरून जातोय का? हलगी वाजवत जातोय, सगळ्या गावाला पिवळं करून जातोय. आन परत कवा येणार त्ये लिहून देतोय. तुझ्या सरानं तुला काय लिहून दिलंय?"

मी म्हटलं, "गप गं, काहीही बोलतीस."

दोघी खूप हसलो. घरी आल्यावर हात धुतले तरी भंडारा नखांतून निघेना.

२१ डिसेंबर

परवापासून श्रीनाथ आलाय. दार लावून दोघं बोलत होते. आज सकाळी ह्यांनी मला हाक मारली. आवाज जुना होता, बदामीच्या वेळचा.

"कमल, ये. बस. आज तुझंच लिहायचंय."

मी पोळपाट तसाच टाकून आले. हाताला पीठ होतं, पदराला पुसलं. श्रीनाथ खिडकीजवळ उभा होता. हे सांगायला लागले.

"'अणदूरच्या घरात मी एकटा नव्हतो.'"

मी लिहिलं. डोळे भरले म्हणून एक थेंब 'नव्हतो' वर पडला. मी तो टिपला आणि अक्षर पुन्हा गिरवलं.

"'कमलबाई नावाच्या स्त्रीनं त्या घराला घरपण दिलं. माझं दुखणंखुपणं काढलं. माझे डोळे गेल्यावर ती माझे डोळे झाली.'"

किती दिवसांनी घरात उजेड आल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, उगीच राग धरला. झाडाला वेळेवरच फळ येतं, आपणच दगड मारत बसतो.

"'मला सख्खी बहीण नव्हती. ती उणीव कमलताईनं आयुष्यभर भरून काढली.'"

पेन तिथंच थांबलं.

"लिहिलंस?"

"बहीण?"

श्रीनाथ खिडकीपासून पुढं आला. "आता कसं, आत्या?" म्हणाला. "सगळ्यांचाच मान राहिला."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला कायतरी म्हटलं.

तो आंघोळीला गेल्यावर हे हळूच म्हणाले, "कमल, नाव तर आलं ना? नावागावासकट म्हणालो होतो. आलं की."

नाव आलं. गाव आलं. मीच तेवढी आले नाही.

ते वाक्य मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे, वेलांटी चुकलेली नाही. मग बदामीचं साल सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव सांगितलं, शरणबसप्पा. विचारतील ते सगळं सांगितलं. रुसायचं ते नवऱ्यावर. भावावर रुसायचं तर माहेर लागतं, ते माझ्याकडे कुठं आहे?

१९ जानेवारी

पुस्तक छापायला गेलं. धाराशिवला मोठा प्रकाशन समारंभ आहे. पत्रिका आली. वाचून मीच ह्यांना दाखवली: 'प्रारंभी सरांचे औक्षण, सरांच्या भगिनी कमलताई यांच्या हस्ते. त्यानंतर साडीचोळी देऊन भगिनींचा सत्कार.'

मी म्हटलं, "मी येणार नाही."

"असं करू नकोस." ह्यांनी माझा हात चाचपून धरला, वाकडी करंगळी बरोबर सापडली. "कागदावर माणसाला भ्यावं लागतं, कमल. पुस्तक कुणाच्याही घरात शिरतं. पण तिथं मी बोलणार आहे. समोरासमोर. तू असशील तर बोलेन."

"काय बोलाल?"

"जे आहे ते."

मग जायला पाहिजे. लिहिलेलं खोटं असलं तरी तोंडचं खरं एकदा चारचौघांत पडू दे, म्हणजे मिळवली. माझी एवढी एकच भूक आहे. छापील नको मला.

गंगम्मा सांगून गेली, "जा, पर डोळं उघडं ठेवून जा." सगळ्यांनाच घालून-पाडून बोलायची खोड तिला.

२० फेब्रुवारी

ह्यांचा पांढरा झब्बा इस्त्रीला दिला. पिशवीत एका दिवसाच्या गोळ्या आणि गुळाचे खडे घातले. श्रीनाथचा फोन आला, सगळ्याच गोळ्या घाला म्हणाला. असू देत म्हणून घातल्या.

२३ फेब्रुवारी

काल कार्यक्रम झाला. मी एसटीनं एकटी परत आले. हे सभागृहातूनच पुण्याला राहायला गेले. पिशवी श्रीनाथनं कार्यक्रमाआधीच गाडीत ठेवली होती. ह्यांना ठाऊक होतं.

आता जसं झालं तसं लिहिते.

स्टेजच्या मागं एक खोली होती. तिथं चारुशीलाबाई बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, हातात काठी. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना अशा जवळून पहिल्यांदाच बघत होतो. मी दारातच थांबले. त्यांनी शेजारची खुर्ची काठीनं ओढली.

"बसा. गुडघे दुखत असतील ना?"

"दुखतात."

"माझेही." मग जरा वेळानं म्हणाल्या, "ते पान वाचलं मी. बहिणीचं."

"मीच लिहिलंय ते. म्हणजे, ह्यांनी..." जीभ चावली. "सरांनी सांगितलं, मी लिहिलं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बाजारात आपल्याच साडीच्या जोडीची साडी दुसरीच्या अंगावर दिसावी तसं बघितलं. म्हणाल्या, "'हे' म्हणा हो. मला सवय आहे."

तेवढ्यात बोलावणं आलं.

स्टेजवर दिवे इतके की समोरची माणसं दिसेनात, नुसती कुजबुज ऐकू येत होती. ह्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. पांढऱ्या झब्ब्यात देवासारखे दिसत होते. आधी ह्यांचं भाषण होणार होतं, पण निवेदकानं सांगितलं, प्रकृतीमुळं सर फक्त दोन शब्द बोलतील, औक्षणानंतर. म्हणजे मी ओवाळल्याशिवाय हे बोलणार नव्हते. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. कुणीतरी माझ्या हातात दिलं. मी पुढं झाले.

निवेदक माइकवरून सांगत होता, "रक्तापलीकडचं नातं! भाऊ-बहिणीचा असा जिव्हाळा आजच्या काळात दुर्मीळ..."

अणदूरच्या घरात दर दिवाळीला, दार लावून घेऊन, मी ह्यांना ओवाळलं आहे. पाडव्याला. भाऊबीजेला हे आणि मी वाण्याच्या दुकानात सामान आणायला जायचो, कारण त्या दिवशी गर्दी नसते. निरांजनाच्या उजेडात ह्यांचं कपाळ मी किती वेळा बघितलंय, त्यावरचा व्रण कुठं आहे ते डोळे मिटूनही दाखवीन.

मी वाकले. ह्यांच्या कानाशी म्हटलं, "आज पाडवा आहे का भाऊबीज?"

ह्यांनी मला ओळखलं. आवाजानं नव्हे, त्याआधीच, अंगाच्या वासानं ओळखतात. ओठ हलले. क्षणभर मला वाटलं, बोलणार. मग माइकवाला पोऱ्या माइक घेऊन पुढं आला, शेजारी श्रीनाथ खाकरला, आणि ह्यांनी तोंडावर ते सभेतलं हसू आणलं.

"ओवाळ," हे माइकात म्हणाले, "ओवाळ, कमलताई."

सगळं सभागृह गहिवरलं, किती गोड म्हणून.

मी सरळ झाले. तबक घेऊन चार पावलं चालले आणि चारुशीलाबाईंसमोर धरलं. म्हटलं, "हे तुमचं. मला भावाला ओवाळता येत नाही."

हे माइकात गेलं नाही. बाईंनाच ऐकू आलं. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली आणि तबक घेतलं. ज्योत हलत होती.

"बघा!" निवेदक जवळजवळ ओरडला. "बघा रसिकहो, नणंदेनं आपला मान भावजयीला दिला! केवढं मोठं मन!"

टाळ्या पडायला लागल्या. माणसं उठून उभी राहिली. मी नाही म्हणाले, त्याच्याही टाळ्या झाल्या.

त्या आवाजात बाई माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "पाडव्याला हे कधी पुण्यात नसायचेच. मला तरी कुठं सवय आहे?" आणि त्यांनी पेटलेलं तबक समोरच्या टेबलावर, नव्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी ठेवून दिलं.

श्रीनाथ बघत राहिला. टाळ्यांत कुणालाच काही कळलं नाही. ह्यांनाही नाही. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा हे डोळे मिटून, कपाळ जरासं पुढं करून, कुंकवाच्या बोटाची वाट बघत तसेच बसले होते.